गोकुळदास मयेहून परत कसा आला

आमच्या पेडण्यात माणूस निवृत्त झाला की त्याला तीन वाटा असतात. देवळाच्या कमिटीत शिरायचं, काजूच्या बागेत शिरायचं, नाहीतर माझ्या दुकानात येऊन बसायचं. गोकुळदासने चौथी काढली. त्रेसष्टाव्या वर्षी तो सायकलवर बसला, आणि तेही पाठीमागे गादी शिवलेली चड्डी घालून.

चड्डीचं मला ठाऊक असणारच, कारण ती पहिल्यांदा माझ्याकडेच आली. मी शिंपी. गुडघे गेले तरी मशीन अजून चालवतो, आणि मशीन चालताना कान मोकळे असतात. चड्डी त्याच्या मुलाने पुण्याहून पाठवली होती, कमरेत सैल. गोकुळदासने ती वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल द्यावा तशी माझ्यापुढे सरकवली.

"पांडू, कमरेत दोन बोटां आत घे. आणि कोणाक सांगू नको."

"माका काय पडलाहा सांगूचां? पण ही गादी खंयची रे? पुढची की पाठची?"

"पाठची."

"मगे बरां. बत्तीस वर्सां कचेरीत लाकडाच्या खुर्चेर बसलंस, तेव्हा तुका कोणी गादी दिल्यान नाय."

तो हसला नाही. तो सहसा हसत नसेच. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला गादीची खबर होती. ती कशी गेली, हे मला विचारू नका.

आता हा गोकुळदास कोण ते सांगतो. त्याचा बाप भिकाजी. गावाबाहेर, म्हापशाचा रस्ता जिथे रुंद होतो तिथे, वडाखाली राखणदाराचा, गावची वेस सांभाळणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. पूर्वी आंब्या-काजूच्या गाड्या भरून निघाल्या की तिथे थांबायच्या आणि भिकाजी गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे पोथी नव्हे. आपल्या घरच्या बोलीत, सगळ्यांच्या वतीने, एकाने देवाशी बोलायचं: कोण चाललंय, कुठे, कशासाठी. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा "व्हय म्हाराजा" म्हटलं की ते बोलणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. म्हणून गाऱ्हाणं घालणारा माणूस बघूनच घेतात. ज्याची जीभ माझ्यासारखी असते, त्याला हे काम देत नाहीत.

गाड्या गेल्या, ट्रक आले. ट्रकवाले पाषाणापुढे हॉर्न वाजवतात तेवढंच त्यांचं गाऱ्हाणं. भिकाजी गेला. गोकुळदास कचेरीत कारकून झाला आणि बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीचे उतारे लिहीत बसला. एक कागद तीनदा वाचायचा. लोक वैतागायचे, पण त्याच्या सहीचा कागद कधी परत आला नाही. बायको विनोदिनी, एक मुलगा, दाराशी अबोली, सकाळी पदेराकडून पावाचे चार उंडे. अशा माणसावर गप्पा मारता येत नाहीत हो. इतक्या वर्षांत मला त्याच्यात सुई घालायला भोक सापडलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तो सोप्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा बघायचा. म्हापशाची बस चार मिनिटं उशिरा आली तर विनोदिनीला आत जाऊन सांगायचा. ती मला एकदा म्हणाली, "पांडूभावजी, ह्येंका खंय तरी न्हेवन सोडा."

मी नाही नेलं. साईशने नेलं.

हा साईश औषधाच्या कारखान्यात कामाला, तिशीतला, अंगाने काटक. त्याने गावात 'रानवाट मंडळ' काढलं. पावसाळ्यात धबधबे आणि डोंगर, उरलेलं वर्ष दर आयतारी, म्हणजे रविवारी, सायकली. वीसेक जण. मास्तर, बँकवाले, एक दातांची डॉक्टर गौरवी, दोन नवराबायकोच्या जोड्या. पहाटे साडेपाचला राखणदाराच्या वडाखाली जमायचं, कारण तिथे रस्ता रुंद आहे. डोक्यावर हेल्मेटं, मागे लाल दिवे. पहिल्या दिवशी मी बघितलं तेव्हा मला वाटलं, काजव्यांनी संघटना काढली.

पण झालं असं, की ओळीने तीन आयतार पंक्चर. चौथ्या आयतारी एका मास्तरचं मनगट मोडलं. म्हाताऱ्यांनी तोंडं उघडली: राखणदाराच्या दारातून निघता आणि त्याला सांगून जात नाही, मग तो काय करील? साईश शिकलेला, पण पेडण्याचाच. तो गोकुळदासकडे आला.

"काका, गाऱ्हाणं घालायला कोणी उरलं नाही. तुम्ही भिकाजीआजोबांचं ऐकलेलं आहे."

 गोकुळदासने म्हणे न्हाणीत जाऊन, पाण्याचा नळ सोडून, मोठ्याने म्हणून बघितलं. हे मला विनोदिनीने सांगितलं. पुढच्या आयतारी तो नारळ, केळं आणि एक विडी घेऊन पाषाणापुढे उभा राहिला. त्या दिवशी मंडळ कोरगावपर्यंत जाऊन आलं, एकाही चाकातली हवा गेली नाही.

मग ते थांबेचना. सायकल निघायच्या आधी काकांचं गाऱ्हाणं. आणि निघताना सगळे "येतो काका" म्हणायचे आणि हा माणूस वडाखाली एकटा उभा राहायचा. दोन महिन्यांनी मुलाकडून सायकल आली. मग चड्डी.

त्याला सायकल लहानपणापासून येत होती, पण चढण म्हटली की तो उतरायचा. मागे राहायचा. मंडळाचा नियम असा, की सगळ्यांच्या मागे एकाने राहायचं, कोणाला रस्त्यात टाकून जायचं नाही. ती पाळी गौरवीची असली की ती त्याच्याबरोबर चालत यायची. ह्याला त्याचीच लाज वाटायची.

आणि मी? मी लाजेवर मीठ टाकायचो. चहाच्या हॉटेलात तो आला की विचारायचो, "काय गोकुळदास, आज सायकल तुका घेवन गेली की तू सायकलीक?" जानेवारीत मंडळाची मयेची फेरी ठरली, जायला अडतीस किलोमीटर, परत अडतीस. सगळ्या हॉटेलासमोर, पातळ भाजीत पाव बुडवता बुडवता, मी म्हटलं, "टेम्पोवाल्या बाबलीक सांगून ठेव. तुका टेम्पोत घालून हाडूचो लागतलो."

हॉटेल हसलं. गोकुळदास चहा अर्धा ठेवून उठला.

त्या आयतारी मी मुद्दाम वडाखाली गेलो होतो. गाऱ्हाणं ऐकलं. त्याचा आवाज एरवी कचेरीतला, नाकातला. पाषाणापुढे तो बापाचा व्हायचा.

"बा राखणदारा म्हाराजा, हे वाटेच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी एकवीस लेकरां सायकली घेवन मयेक चल्ली असत. तेंच्या वाटेर खिळो असात तो बाजूक कर, चढण असात ती हलकी कर..."

"व्हय म्हाराजा!"

"जातली तीं आपल्या पायांनी जातली. येतली तीं आपल्या पायांनी येतली. तेंका संभाळून परत तुझ्या पायाकडे हाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

आपल्या पायांनी हे त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. गाऱ्हाण्यात नसलेलं वाक्य होतं ते, बापाने कधी घातलेलं नव्हतं. माझ्या टोमण्याला उत्तर म्हणून त्याने देवापुढे घातलं. चूक म्हणाल तर इथे झाली.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं बाबलीकडून, थोडं गौरवीकडून. क्रमाने सांगतो.

अस्नोड्यापर्यंत गोकुळदास बऱ्यापैकी आला. तिथे सगळ्यांनी चहा घेतला. पुढे मुळगावच्या चढणीला त्याची पिंढरी भरली, पोटरीत गोळा आला. सगळ्यांच्या मागे गौरवी होती. ती उतरून त्याच्याबरोबर चालू लागली. त्याने तिला सांगितलं, "तू फुडे जा बाय. पाठी अस्नोड्यात माझ्या मामाचां घर असा. मामयेक भेटान येतंय." अस्नोड्यात त्याचा मामा नव्हता, मामी नव्हती. गौरवीने साईशला फोन केला. दुसरा कोणी असता तर साईशने नियम दाखवला असता. पण गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांना नियम कोण दाखवणार? "असू दे, तू ये," म्हणाला.

गोकुळदास चढणीवर एकटाच सायकल ढकलत असताना मागून टेम्पो आला. आणि कोणाचा? बाबलीचाच. बाबली लग्नाच्या मांडवाचं सामान पुरवतो: खुर्च्या, मोठाले टोप, सोनेरी झालरी. मयेला लग्न होतं, तिथे चालला होता.

"काका, चडा."

गोकुळदास म्हणाला, "फक्त चढण संपापर्यंत."

सायकल खुर्च्यांवर आडवी टाकली. पुढे बसला तर कोणीतरी बघेल म्हणून हा मागे, दोन टोपांच्या मधे, अंगावर झालर ओढून. चढण संपली. त्याने केबिनच्या पत्र्यावर हात मारला. बाबलीने भजनाची कॅसेट एवढी मोठी लावली होती, की त्याला वाटलं काका ताल धरतायत. त्याने आवाज आणखी वाढवला.

टेम्पोने वाटेत मंडळाला गाठलं आणि मागे टाकलं. झालरीखालून गोकुळदासने सगळ्यांचे आवाज ऐकले. साईश ओरडत होता, "शाब्बास, शाब्बास, दम धरा!" तेव्हा तो उठून बसला असता तर सगळी वीस माणसं हसली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. तो उठला नाही. झालर आणखी खाली ओढली.

बाबलीने थेट मयेच्या तलावाजवळ टेम्पो थांबवला. "काका, तुमका पयलो पोचयलंय!" म्हणून त्याला भारी आनंद. सायकल उतरवली आणि लग्नघराकडे गेला.

आता तलावाच्या काठी गोकुळदास आणि त्याची सायकल. मागे फिरून सगळ्यांच्या मागे जाऊन मिळावं, तर रस्ता एकच. वीस मिनिटांत मंडळ आलं. साईश पुढे होता. त्याने ब्रेक मारला आणि बघतच राहिला.

"काका? तुम्ही पुढे कसे?"

बत्तीस वर्षं एक कागद तीनदा वाचणारा माणूस. त्याला त्या क्षणी खरं सुचलं नाही, खोटं सुचलं. "शिरगांवच्या अंगान खाणीची जुनी वाट असा," तो म्हणाला.

साईशने आरोळी ठोकली. ही काही शर्यत नव्हती, मेडल सगळ्यांनाच होतं, लाकडाचं, तलावाचं चित्र काढलेलं. पण साईशने पहिलं मेडल काकांच्या गळ्यात घातलं आणि फोटो काढला. तलाव मागे, काका पुढे, तोंड असं की उलटी दाबून धरलीय. 'वय त्रेसष्ट. आमच्या आधी पोहोचले.' दुपारच्या आत तो फोटो माझ्या मोबाइलवरसुद्धा आला. सोमवारी त्याच्या जुन्या कचेरीत फळ्यावर लागला.

मी चकित झालो, खोटं कशाला सांगू. थोडा जळलोही.

सोमवारी दुपारी विनोदिनी चड्डी घेऊन आली. बाजूला वीतभर फाटली होती. "खंय तरी अडाकली," म्हणाली. मी ती उलटी केली आणि शिवणीत मला दोरा सापडला. सोनेरी. लांब, चपटा, जरीसारखा.

आता शिंप्याला दोरा दिसला की त्याला कापड दिसतं. ही जरतार लुगड्याची नव्हे, शेल्याची नव्हे. ही मांडवाच्या झालरीची. सायकलीवरच्या माणसाला मांडवाची झालर कुठे भेटली?

बुधवारी बाबली पँट आखूड करायला आला. मी काही विचारलं नाही. फक्त भजी मागवली आणि म्हटलं, "मयेचां लगीन कसां झालां?" बाबली मनाने फार चांगला आहे. पोटात काही ठेवत नाही.

हसून हसून माझ्या तोंडातली सुपारी पडली.

आणि मग मी ते केलं, जे आज सांगायला नको वाटतंय. ती चड्डी मी शिवली. काळ्या कापडाला काळा दोरा लावायला हवा होता. मी सोनेरी लावला. बारीक टीप, वीतभर, बाहेरच्या बाजूने, लांबून दिसेल अशी. इस्त्री करून पाठवून दिली. निरोप काही नाही.

त्या संध्याकाळी गोकुळदास हॉटेलात आला नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी मी त्याच्या घरावरून मुद्दाम गेलो. जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसला होता. मला बघून त्याने जनेल लावलं नाही, हाकही मारली नाही. नुसता बघत राहिला. मी खोकलो आणि पुढे गेलो.

गोष्ट मी पहिल्या दिवशी फक्त दोघांना सांगितली होती. शनिवारपर्यंत न्हाव्याकडे, मासळीवालीकडे, बसच्या कंडक्टरकडे पोचली होती. कचेरीतल्या फळ्यावरून फोटो कोणीतरी गुपचूप काढला. साईशलाही कळलं असणार. त्याने गोकुळदासला काही विचारलं नाही. न विचारणं किती बोचतं, ते तरुण पोरांना कळत नाही.

दुसऱ्या दिवशीची फेरी तेरेखोलची होती. केरीपर्यंत सायकल, मग फेरीबोटीतून पलीकडे, मग किल्ल्याची चढण. आणि निघण्याआधी गाऱ्हाणं.

मी पाच वाजताच वडाखाली हजर. थर्मासमधून चहा नेला होता, मंडळाला पाजायचा म्हणून. चहा निमित्त होतं. मला बघायचं होतं तो येतो का.

आला. नारळ, केळं, विडी. आणि ती चड्डी घालून.

हेल्मेटांवरचे दिवे त्याच्यावर पडत होते आणि सोनेरी टीप चमकत होती. सगळ्यांनी बघितली, आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. सायकलींचे ब्रेक उगाच दाबून बघू लागले.  मला वाटलं होतं तो टीप उसवून टाकील. काळ्या दोऱ्याचं काम ते, विनोदिनीने दहा मिनिटांत केलं असतं.

त्याने नारळ ठेवला. हात जोडले.  आवाज निघाला तो बापाचा नव्हता, कचेरीतला, नाकातला.

"बा राखणदारा म्हाराजा. गेल्या आयतारी हयच उभो रवान मी तुका सांगलंय, जातली तीं आपल्या पायांनी जातली."

"व्हय म्हाराजा," मंडळ म्हणालं.

"वीस जणां गेली. एक जण जाऊक नाय."

 गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर ते हवेत लोंबकळत राहतं. दोघं-तिघं पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

"मुळगावच्या चढणीर तो टेम्पोत चडलो. झालरीखाली लपलो. साईशाचो आवाज ऐकल्यान, तरी उठाक नाय."

"व्हय म्हाराजा."

"गौरवीक मामयेचां नाव सांगल्यान. तेका अस्नोड्यात मामी नाय. खाणीच्या वाटेन इलंय म्हणान सांगल्यान. ती वाट तेणां बघूकसुद्धा नाय. आणि मेडल गळ्यात घालून घेतल्यान."

"व्हय म्हाराजा." ह्यात गौरवीचाही आवाज होता.

"तो मी, म्हाराजा."

ह्याला व्हय म्हणायचं कसं? शिक्षा दिल्यासारखं. आणि न म्हणायचं कसं? मी खाली बघत होतो. शेवटी साईश एकटा, अगदी हळू, घरात कोणी आजारी असताना बोलावं तसा म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. गाऱ्हाण्यात एक जागा असते, जिथे वाईट बोलणाऱ्यांचं, आडवे येणाऱ्यांचं नाव घेऊन देवाला सांगतात, ह्यांना बघून घे. गोकुळदास त्या जागेवर आला आणि वळून माझ्याकडे बघितलं.  राखणदार आमच्याकडे मस्करीची गोष्ट नाही.

"आणि हो पांडू शिंपी, म्हाराजा. तेची जीभ लांब असा. पण तेणां खोटां एक अक्षर सांगूक नाय. तेका काय करू नको."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, ह्या वेळी मोकळ्या गळ्याने. मी सोडून सगळे.

गोकुळदासने खिशातून मेडल काढलं, साईशच्या हातात दिलं आणि बाजूला झाला. "तेरेखोलचां आता दुसऱ्या कोणी घाला. माझो शब्द बाटलो."

कोणाला येत होतं? त्याने मलाच म्हटलं, "पांडू, तू पण माझ्या बापाशीकडसून ऐकलंस. घाल."

मी थर्मास खाली ठेवला. हात जोडले. "बा राखणदारा..." म्हटलं आणि पुढे काही येईना. शब्द पाठ होते. पण पाषाणापुढे उभं राहिलं की आधी आपण काय घेऊन आलोय ते सांगायचं असतं. मी थर्मास घेऊन आलो होतो, आणि तमाशा बघायची हौस. साठ वर्षं ज्या जिभेने गावाला दम घेऊ दिला नाही, ती टाळ्याला चिकटून बसली. मी मागे सरलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

साईश म्हणाला, "काका, तुम्हीच पुरं करा. आम्ही दुसऱ्या शब्दावर निघत नाही."

 गोकुळदास पुन्हा पाषाणापुढे गेला.

"एकवीस जणां तेरेखोलाक चल्ली असत, म्हाराजा. वीस आपल्या पायांनी जातली. एक जमतला तितक्यां सायकलीर जातलो, रवलेलां चलत जातलो. टेम्पोत चडात तर तुका सांगान चडात."

"व्हय म्हाराजा!"

आणि सायकली निघाल्या. शेवटचा लाल दिवा त्याचा, त्याच्या बाजूला गौरवीचा.

मी थर्मास तसाच भरलेला घेऊन परत निघालो. त्याच्या घरापाशी विनोदिनीने जनेलातून हाक मारली. मला तिच्याकडून चार शब्द ऐकायचेच होते, म्हणून थांबलो.

"पांडूभावजी, टेम्पो सगळ्या बाजाराक म्हायत असा मां?"

"असा, वहिनी."

"मगे परत कोणी हाडल्यान तेंका?"

 तो मयेहून परत कसा आला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबलीचा टेम्पो तर लग्न उरकेपर्यंत दोन दिवस मयेलाच होता.

"सायकलीर इले," ती म्हणाली. "अडतीस किलोमीटर. दमलेल्यांका परतीक मंडळान गाडी मागवली होती, सात जणां गाडयेत बसली. जवान पोरां. ह्ये बसाक नाय. कोलवाळच्या पुलार गौरवीन हात जोडल्यान, काका चडा म्हणान. नाय चडले. हयसर इले तेव्हा ह्या दोन पायऱ्यो चडाक जमाना. पायरेर बसले. पिंढऱ्यो लाकडासारख्यो. मी तेल लावतंय आणि ह्ये रडतत. लगीन झाल्यापासून कधी रडाक नाय. माका म्हणतत, 'विनू, येताना मी खरो इलंय. पण तां सांगूक माका तोंड खंय असा?'"

तिने जनेल लावलं.

त्या आठवड्यात मी टेम्पोची गोष्ट किमान चाळीसदा सांगितली असेल. झालर, टोप, भजनाची कॅसेट, प्रत्येक वेळी थोडी जास्त मीठमिरची. त्यातल्या एकाही गोष्टीत गोकुळदास परत आला नाही. माझ्या सगळ्या गोष्टींत तो अजून मयेच्या तलावाकाठी, गळ्यात मेडल घालून उभाच आहे. आणि गंमत अशी, की परतीची गोष्ट तोही सांगत नाही. गाऱ्हाण्यातही नाही सांगितली. देवापुढे चूक मांडायला उभा राहिला होता, तिथे आपली शाबासकी कुठे मांडायची म्हणून.

मी त्याच्याकडे दोनदा चड्डी मागितली. म्हटलं, दे, काळा दोरा लावून देतो. म्हणाला, "रवांदे. टीप पक्की असा." अजून तीच घालतो. चढण आली की सगळ्यांसमोर उतरतो आणि ढकलत जातो. बाबली टेम्पो हळू करून हॉर्न वाजवतो तेव्हा हात वर करून पुढे जा म्हणतो.

आता हॉटेलात कोणी ती गोष्ट काढली की मी पुढची सांगतो. ऐकायला कोणी थांबत नाही, टेम्पोपर्यंतच हसून उठतात. म्हणून लिहून ठेवतो. पेडण्याहून अस्नोड्यापुढच्या चढणीपर्यंत बावीस, आणि मयेहून पेडण्यापर्यंत अडतीस. एवढे गोकुळदासने आपल्या पायांनी केले.

व्हय म्हाराजा.